उलट्या बाणाचा भोंगा

तो आमचा शेवटचा साधा दिवस होता, आणि तो मी वैतागण्यात घालवला.

रविवार होता. महाडच्या ज्या ग्रंथालयात मी काम करते ते बंद. वैशाखाच्या उन्हात, पोलादपूरला हमरस्त्याकडेच्या महिपतशेठच्या भंगारवखारीत मी डोक्यावर ओढणी घेऊन उभी होते. समोर दोन पुरुष एकाच भोंग्याचा दांडा धरून उभे होते. एक माझे बाबा, रामजी. वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून जुने भोंगे गोळा करणारे. दुसरा कोण, ते मला माहीत नव्हतं. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग.

“मी आधी बघितला, काका.”

“तू बघितलास. मी धरला.”

“दांडा मीपण धरलाय.”

खरंच होतं ते. बाबांनी डाव्या हाताने धरला होता, त्याने उजव्या. मधे तो भोंगा. तीन पायांच्या स्टँडवरचा, हाताने फिरवायचा, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला. पूर, आग, काही झालं की गावाला सावध करायचा. आता त्यावर धूळ होती आणि एका पायाला गुंडाळलेली सुतळी.

“बाबा,” मी म्हणाले, “आपल्या पडवीत आता पाय ठेवायला जागा नाही.”

“मग टांगायचे, मॅडम,” तो उंच माणूस म्हणाला.

“कुणाला?”

“भोंगे... भोंगे टांगायचे.” त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला. पण दांडा सोडला नाही.

शेवटी बाबांनीच दांडा फिरवून बघितला. तो गरागरा फिरला आणि भोंगा गप्प. आतला फ्रीव्हील गेलेला. सायकलचं पॅडल मागे फिरवलं की चाकाला काही कळत नाही ना, तसं दोन्ही बाजूंनी झालेलं. तसाच जुना फ्रीव्हील घरी आहे, असं तो उंच माणूस म्हणाला. मग त्या दोघांत तह झाला. भोंगा बाबांचा, फ्रीव्हील त्याचा, आणि वाजवायच्या वेळी त्याला बोलवायचं.

“येत्या रविवारी ये. दासगाव. रामजी लाइनमन विचार, कोणीपण सांगेल,” बाबा म्हणाले. “नाव काय तुझं?”

“नागसेन. एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे.” मग माझ्याकडे वळून, “आणि मॅडम?”

“मॅडम उन्हात उभ्या आहेत,” मी म्हणाले.

घरी आल्यावर बाबांना कुठला दम. रविवारपर्यंत थांबायचं तर लांबच, त्यांनी जेवणाआधीच स्वतःच्या जुन्या सायकलचा फ्रीव्हील काढला आणि पडवीत बसून भोंग्याची पेटी उघडली. आई दोनदा बाहेर आली. “भाकरी निवली गो तुझ्या बापाची. त्या भोंग्याला वाढू का आता?” बाबा हसले, उठले नाहीत. मी जोत्यावर पुस्तक घेऊन बसले होते आणि दर पानाला मला कुठला तरी पाना उचलून द्यावा लागत होता. वैतागून मी पुस्तक मिटलं.

ऊन उतरता उतरता त्यांनी पेटी बंद केली. “झालं. उद्या सकाळी वाजवू, बाय. आता वाजवला तर गाव म्हणेल सावित्रीला पूर आला.”

सकाळी मी चहा घेऊन गेले. बाबा उठले नाहीत.

एवढंच लिहिता येतं मला त्याबद्दल.

पुढच्या रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मंडप, दारात चपलांचा ढीग. मी पाण्याचे पेले भरलेला ट्रे घेऊन बाहेर येत होते आणि समोर तो, वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून, चेहराभर हसत.

“जय भीम, मॅडम! काका आहेत ना?”

“नाहीत.”

“कधी येतील?”

जगात माणसं इतक्या चुकीच्या वेळी इतकं साधं वाक्य कसं बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी बाजूला झाले. आत बाबांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. त्याने बघितलं. हातातला कागद त्याने आवळून धरला. पुढे दिवसभर तो खुर्च्या उचलत होता, पाणी भरत होता, कुणी न सांगता भांडी विसळत होता. जाताना फक्त म्हणाला, “येतो.”

मला वाटलं, संपलं. पण त्याच्या पुढच्या रविवारी तो परत आला.

“काकांचा शब्द होता,” म्हणाला. “वाजवायच्या वेळी मला बोलवायचं.”

“वाजवायचं कुणी काही ठरवलेलं नाही.”

“म्हणून तर आलो. ठरवायला.”

आई आतून म्हणाली, “ये रे पोरा, बस. ह्यांच्या त्या भोंग्यांचं काय करायचं ते तूच सांग. पावसाच्या आत पडवी मोकळी पायजे मला. नायतर घालते सगळे भंगारात.”

तेव्हाच सारिकाताईंनी, आमच्या सरपंचबाईंनी, निरोप पाठवला. पंचायतीवर विजेचा भोंगा आहे, पण सावित्री चढली की वीजच आधी जाते आणि मग त्याचा उपयोग शून्य. रामजीभाऊंचा हाताचा भोंगा चालू असेल तर पावसाआधी पंचायतीच्या गच्चीवर बसवू, चालू करून दाखवा. बाबांनी शेवटच्या दिवशी जोडलेला तो भोंगा. तो एकदाही वाजला नव्हता. तो भंगारात जायचा की गच्चीवर, हे आता आमच्या दोघांवर होतं... म्हणजे माझ्यावर, आणि या माणसावर.

आणि हा माणूस! उशिरा यायचा. “एक मिनिट” म्हणून तासभर बसायचा. हात पुसायला फडकं दिलं तर फडकं तसंच राहायचं आणि माझ्या वाळत घातलेल्या ओढणीवर बोटं उमटायची. आठवडाभर मोबाइलवर वेगवेगळ्या भोंग्यांचे आवाज पाठवायचा, खाली लिहून, ‘हा ऐका, किती गोड.’ गोड! वाचनकक्षात एकदा माझ्या हातून तो आवाज चालू झाला आणि पेपर वाचणारे दोन आजोबा पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले.

“तुम्हाला दुसरं काही पाठवता येत नाही का?” मी विचारलं.

“येतं की.” तो पाना हातात फिरवत राहिला. “पण त्याला धीर लागतो.”

मी चहा आणायला आत गेले. उगाच. चहा झालेला होता.

एकदा मी त्याला विचारलं, की भोंगा वाजतो म्हणजे नक्की काय होतं. बाबा इतकी वर्षं सांगत होते आणि मी ‘हो हो’ करत पुस्तक वाचत होते, म्हणून विचारलं. त्याने भोंग्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“आत एक डबा फिरतो. त्याला खिडक्या आहेत. बाहेरचा डबा जागचा हलत नाही, त्यालापण खिडक्या. दोन्ही खिडक्या समोरासमोर आल्या की हवा बाहेर उडते. सरकल्या की कोंडते. उघड, बंद, उघड, बंद, इतक्या जोरात की हवेचे तुकडे पडतात. तो आवाज. जितका जोर तितका सूर वर.”

“म्हणजे भोंगा हवा चिरतो.”

“बरोब्बर! काय बोललात, मॅडम.” तो बघत राहिला. “खिडक्या जुळल्या पाहिजेत फक्त. नाहीतर नुसतं फिरणं...”

“कवितेकडे जाऊ नका. नटबोल्टकडे या.”

तो हसला आणि नटबोल्टकडे आला. मी मात्र बराच वेळ त्या खिडक्यांमधून आत बघत होते, तिथे काही नसताना.

त्याचे नियम होते. जुन्या भोंग्याच्या मूळ रंगाला ब्रश लावायचा नाही. कंपनीने ओतलेलं अक्षर, खूण, काहीही घासायचं नाही. “गोळा करणाऱ्याचा धर्म आहे तो,” तो गंभीरपणे सांगायचा. बाबांनी एका भोंग्याला हिरवा ऑइलपेंट मारला होता, तो बघून त्याचा चेहरा असा झाला की आईने त्याला लिंबूपाणी दिलं.

पडवीतले बाकीचे भोंगे आवरून झाले आणि मग तो रविवार आला. त्याने शेवटी या भोंग्याची पेटी उघडली, आत टॉर्च मारला, टॉर्च दांड्याकडे नेला आणि परत आत नेला.

“काय झालं?”

“फ्रीव्हील उलटा बसलाय.” त्याने दांड्याशेजारी लोखंडातच ओतलेला बाण दाखवला. “कंपनीचा बाण असा आहे. या बाजूने फिरवलं की फ्रीव्हील सुटतोय, पकडतच नाही. काढून उलटवतो, एक मिनिट. काकांची घाई झाली असणार. होते चूक—”

“त्यांची चूक नाही.”

“पण इथे दिसतंय की—”

“चाळीस वर्षं खांबावर चढून तारा जोडल्या त्यांनी. चूक झाली असती तर तिथेच राहिले असते. माझ्या बाबांची चूक नाही.”

“प्रियदर्शिनी, मी फक्त—”

“तू नीघ.”

तो उभा राहिला. पाने गोळा केले. मग अंगणात थांबून वळला. “तू म्हणालीस.”

“काय?”

“आजवर तुम्ही म्हणायचीस. आज तू म्हणालीस.”

“नीघ!”

मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत गेला. आई दारात आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

पुढचा रविवार गेला. तो आला नाही. मोबाइलवर आवाजही आला नाही. वाचनकक्षात इतकी शांतता होती की मला काम सुचेना. येतो तेव्हा वैताग, येत नाही तेव्हा त्याहून वैताग. हे कितीतरी पुस्तकांत मी वाचलं होतं, पण पुस्तकात ते इतकं हास्यास्पद वाटत नाही.

एका संध्याकाळी आई परसात वाळकी झावळी तोडत होती. चार घाव घातले आणि तिने कोयता खाली टाकला.

“नाय चालत गो हा मला. तुझ्या बापाचा हाय. उलटा घासलेला.”

“उलटा?”

“डाव्या हाताचा ना तो माणूस. सगळ्या कोयत्यांना धार ह्या बाजूनी, ह्याच्याला त्या बाजूनी. लग्न झालं तवापासनं माझा नि त्याचा कोयता वेगळा. एका घरात दोन कोयते.”

बाबा डावखुरे होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकं माहीत होतं की दिसत नव्हतं. मी पडवीत गेले आणि भोंग्यासमोर उभी राहिले. डावा हात दांड्यावर ठेवला. हात आपोआप जिकडे जायला बघत होता, ती दिशा बाणाच्या उलटी होती. घाई नव्हती. चूकही नव्हती. बाबांनी तो आपल्या हाताला बसवला होता, कोयत्यासारखा.

मला तेव्हाच फिरवता आला असता. मी हात काढला आणि फोन लावला.

“बोला, मॅडम,” तिकडून जपून आवाज आला.

“उद्या सुट्टी काढ. वाजवायच्या वेळी बोलवायचं ठरलं होतं.”

सकाळी तो वेळेआधी आला. पहिल्यांदाच. मी त्याला कोयता दाखवला, दोन वाक्यांत सांगितलं. तो कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला.

“मला दांडा दिसला,” तो म्हणाला. “काकांचा हात दिसला नाही. वखारीत समोर होता, तरी.”

“बोलू नकोस. बघ.”

मी डाव्या हाताने फिरवला. आधी जड, मग आतून कुणीतरी कण्हल्यासारखं, मग तो सूर वर वर सरकू लागला, पडवी भरली, अंगण भरलं, समोरच्या झाडावरचे बगळे उठले. माझा खांदा भरून आला तरी मी थांबले नाही. थांबले तेव्हाही तो लगेच थांबला नाही. दांडा स्थिर आणि आतला डबा फिरतच होता, सूर उतरत, उतरत, नुसता वाऱ्यासारखा होईपर्यंत.

आई पिठाच्या हातांनी पायरीवर बसली होती. “वाजला,” ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि पीठ सगळीकडे लागलं. नागसेनने दुसरीकडे बघितलं. मला त्याचं ते दुसरीकडे बघणं फार आवडलं आणि त्याचाही वैताग आला.

दुपारी सारिकाताई येऊन बघून गेल्या. त्यांना आवडला, पण बाणावर बोट ठेवून त्यांनी मान हलवली. “पूर आला की घाबरलेला माणूस बाण बघतो, प्रियदर्शिनी. बाण सांगेल हिकडं नि भोंगा वाजेल तिकडं, तर तेवढ्यात खालच्या वस्तीत पाणी शिरंल. हे नाय चालणार बघ.”

त्यांचं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. त्या गेल्यावर मी म्हणाले, “उलटव फ्रीव्हील. कंपनीच्या बाणासारखा कर.”

“काकांनी बसवलेला?”

“गाव वाचायला हवं. बाबांना चाललं असतं.”

“आणि तुला?”

मी बांधायला दोरी आणून दिली. तो भोंगा गाडीवर बांधून पोलादपूरला आपल्या घरी घेऊन गेला. आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिले, की फ्रीव्हील म्हणजे एक सायकलचा भाग, बाबा नव्हेत.

बसवायच्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं. पंचायतीच्या गच्चीवर सारिकाताई, आई, वस्तीतली पाचपन्नास माणसं. नागसेनने पोत्यात गुंडाळलेला भोंगा उघडला आणि मी बघतच राहिले. कंपनीचा ओतीव बाण नव्हता. कानशीने घासून घासून तो पार सपाट केला होता, तिथे लोखंड चकचकीत उघडं पडलं होतं. त्यावर नवा बाण, लालभडक ऑइलपेंटचा, गच्चीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसेल असा. आणि तो बाबांच्या बाजूने होता.

“फ्रीव्हील?” मी विचारलं.

“हात लावला नाही.”

“मूळ खूण घासलीस तू?”

“हो.”

“आणि रंग मारलास.”

“दोन हात.” त्याचे कान लाल झाले होते, त्या बाणासारखेच. “आता माझ्या ओळखीतले सगळे गोळा करणारे मला वाळीत टाकतील. टाकू देत.”

सारिकाताईंनी कधी भोंगा हातात धरला नव्हता. त्यांनी बाण बघितला, बाणासारखा दांडा फिरवला आणि सूर उठला, सावित्रीच्या पलीकडे, तुडील गावाच्या अंगाला जाऊन परत येईल इतका. माणसांनी कानांवर हात ठेवले आणि मग टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, “बंद करा आता, पोरंबाळं घाबरत्याल,” आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग सगळे खाली चहाला गेले. गच्चीवर तो आणि मी. तो पाठमोरा बसून पाने पिशवीत भरत होता, एकेक, अगदी सावकाश.

“झालं काम,” पिशवीकडे बघत म्हणाला. “आता रविवारी यायला काही कारण नाही तसं...”

मी कठड्याला टेकले. आमच्या घरात एक वाक्य कधी कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. बाबांनी आईला नाही, आईने बाबांना नाही, मी त्या दोघांना नाही. बाबा सायकलला तेल घालून ठेवायचे, आई भाकरी झाकून ठेवायची, मी पाना उचलून द्यायचे. त्यात सगळं येतं असं आम्ही धरून चाललो होतो. येतही असेल. पण परवा बाबांच्या रिकाम्या खाटेकडे बघताना मला वाटलं होतं, की एकदा तरी ते हवेत सोडायला हवं होतं.

म्हणून मी ते म्हणाले. हळू, पण स्पष्ट, पूर्ण वाक्य.

तो पाने भरत राहिला.

मी थांबले. वाऱ्याने माझी ओढणी उडाली. त्याने पिशवीची चेन लावली, परत उघडली, एक पाना बाहेर काढून पुसला आणि आत ठेवला. मला रडू यायच्या बेतात होतं.

“नागसेन.”

काही नाही.

मी पुढे जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून वळला, आणि माझ्याकडे बघत, दोन्ही कानांकडे हात नेत म्हणाला, “एक मिनिट, एक मिनिट... कापूस घातलाय. आवाजाला. तू काही म्हणालीस का?”

म्हणजे आयुष्यात एकदा मी बोलले, तर या माणसाच्या कानात कापूस. आणि तोही निघेना. एका कानातला बोळा तुटून अर्धा आत राहिला होता आणि तो करंगळीने उकरत होता, डोळे माझ्यावर, जीव घाबरा.

“परत म्हण ना,” तो फार मोठ्याने म्हणाला. “काय ते. म्हण परत.”

खाली अंगणात चहाचे कप हातात धरून आई, सारिकाताई, सगळी वस्ती वर बघत होती. कुणी बशीचासुद्धा आवाज करत नव्हतं. मी खाली बघितलं, आईकडे. मग त्याच्याकडे. छाती भरून श्वास घेतला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर, बहिऱ्या!”